सीमाशुल्क खात्याची घडण : महसूल, पहारा आणि न्याय

करांचा विषय निघाला की नोकरदार माणसाच्या मनात प्रथम प्राप्तिकर येतो. तो पगारातून कापला जातो, मार्चअखेरीस त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि म्हणूनच तो बोचतो. दुचाकीत पेट्रोल भरताना, सिगारेटचे पाकीट घेताना किंवा परदेशी बनावटीचे यंत्र विकत घेताना दिलेला कर मात्र बोचत नाही. तो किमतीत साखरेसारखा विरघळलेला असतो. कर दिसत नाही, म्हणून तो गोळा करणारी यंत्रणाही लोकांना दिसत नाही. विमानतळावर सामान तपासणारा पांढऱ्या गणवेशातील अधिकारी किंवा वर्तमानपत्रात अधूनमधून झळकणारी सोन्याच्या जप्तीची बातमी, एवढ्यावरच या खात्याविषयीचे सामान्य ज्ञान संपते.

वस्तुतः स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके केंद्र सरकारचा गाडा प्रामुख्याने याच खात्याने ओढला. १९९०-९१ साली केंद्राचा एकूण कर महसूल सुमारे ५७ हजार ५०० कोटी रुपये होता. त्यापैकी सुमारे २४ हजार ५०० कोटी केंद्रीय उत्पादन शुल्काचे आणि सुमारे २० हजार ६०० कोटी सीमाशुल्काचे होते. म्हणजे शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याहत्तर रुपये या एका खात्याच्या हातून तिजोरीत जात होते, आणि ते अंतिमतः देत होता काडेपेटी, कापड व साखर घेणारा सामान्य ग्राहक. अशा खात्याची रचना कशी आहे हा केवळ प्रशासनशास्त्राचा प्रश्न नव्हे. कर वसूल करणारा, चोर पकडणारा आणि वादाचा निवाडा करणारा असे तीन अधिकार एकाच माणसाच्या हाती दिले तर नागरिकाला न्याय मिळतो काय, हा या रचनेच्या गाभ्याशी असलेला प्रश्न आहे.

तीन नावे, तीन सत्ता

आरंभीच एक गोंधळ दूर केला पाहिजे. महाराष्ट्रात ‘जकात’, ‘अबकारी’ आणि ‘कस्टम’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. शहराच्या वेशीवर मालावर घेतली जाणारी जकात हे नगरपालिका-महापालिकांचे उत्पन्न होते. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करासोबत इतिहासजमा झाली. दारूवरील अबकारी कर घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांच्या सूचीत येतो, आणि त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभाग हे वेगळे खाते आहे. केंद्राकडे आहेत ती दोन शुल्के : देशाच्या सीमेवर आयात-निर्यातीवर घेतले जाणारे सीमाशुल्क आणि देशात तयार होणाऱ्या मालावरील केंद्रीय उत्पादन शुल्क. संघसूचीतील ८३ आणि ८४ क्रमांकांच्या नोंदी या दोहोंचा आधार आहेत. त्यांच्याही मुळाशी आहे तो घटनेचा २६५ वा अनुच्छेद : कायद्याच्या अधिकाराविना कोणताही कर बसविता येणार नाही किंवा वसूल करता येणार नाही. या खात्यातील शिपायापासून अध्यक्षापर्यंत प्रत्येकाचा अधिकार शेवटी या एका वाक्यातून निघतो आणि त्याच वाक्याने मर्यादितही होतो.

वारसा अविश्वासाचा

ही मर्यादा परकीय अमदानीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी देशाच्या अंतर्भागातच एक सीमाशुल्क रेषा आखली होती. सिंधू नदीपासून बऱ्हाणपूरच्या मुलखातून पुढे महानदीपर्यंत दोन हजारांहून अधिक मैल ती पसरली होती. तिचा मोठा भाग काटेरी झुडपांच्या कुंपणाचा होता आणि तिच्यावर सुमारे बारा हजार माणसांचा पहारा होता. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम काही काळ याच अंतर्गत सीमाशुल्क खात्याचे आयुक्त होते. १८७९ साली ही रेषा मोडीत निघाली. परंतु माणूस आणि मीठ यांच्यामध्ये पहारेकरी उभा करण्याची वृत्ती मोडीत निघाली नाही, हे शिरोडा आणि वडाळा येथील १९३० च्या मीठ सत्याग्रहींनी अंगावर लाठ्या झेलून अनुभवले.

उत्पादन शुल्काचा जन्मही असाच हेतुपुरस्सर होता. १८९४ साली आयात सुतावर कर बसताच लँकेशायरच्या गिरणीमालकांचे समाधान करण्यासाठी हिंदी गिरण्यांच्या सुतावरही कर लादण्यात आला. १८९६ मध्ये त्याचे रूपांतर गिरणीच्या कापडावरील साडेतीन टक्के शुल्कात झाले. मुंबईच्या गिरणी उद्योगाच्या पायात घातलेली ही बेडी जवळजवळ तीस वर्षे, १९२५ च्या अखेरपर्यंत टिकली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात मीठकर आणि हे कापडावरील शुल्क या दोहोंवर हल्ला चढविला, तो या पार्श्वभूमीवर. पुढे पेट्रोल, साखर, काडेपेट्या आणि १९४३ मध्ये तंबाखू अशी एकेक वस्तू शुल्काच्या कक्षेत आली. हे विखुरलेले कायदे १९४४ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क व मीठ अधिनियमात एकत्र करण्यात आले. सागरी सीमाशुल्काचा १८७८ चा कायदा जाऊन त्याच्या जागी १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम आला. कायदे बदलले, मात्र करदाता हा मुळात करचुकव्याच आहे हे गृहीत बराच काळ टिकून राहिले.

मंडळापासून रेंजपर्यंत

खात्याच्या शिरोभागी अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाच्या अखत्यारीतील एक मंडळ आहे. १९२४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय महसूल मंडळाकडे प्राप्तिकरापासून अफूपर्यंत सर्वच कर होते. कामाचा व्याप वाढला तेव्हा १ जानेवारी १९६४ पासून त्याची दोन मंडळे झाली : एक प्रत्यक्ष करांचे, दुसरे उत्पादन शुल्क व सीमाशुल्काचे. वस्तू व सेवा कर आल्यानंतर २०१८ मध्ये दुसऱ्याचे नाव केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ असे झाले. धोरण ठरविणे, अधिसूचनांचे मसुदे करणे, बदल्या-बढत्या आणि खालच्या कार्यालयांवर देखरेख ही मंडळाची कामे.

मंडळाखाली प्रधान मुख्य आयुक्त वा मुख्य आयुक्त यांच्या हाताखालील झोन, झोनखाली आयुक्तालये, आयुक्तालयाखाली विभाग आणि विभागाखाली रेंज अशी उतरंड आहे. आजच्या आयुक्ताला १९९५ पर्यंत ‘कलेक्टर’ म्हणत. जिल्हाधिकाऱ्याशी नामसाधर्म्य असल्याने त्या पदाविषयी अनेकांचा गैरसमज होत असे. आयुक्ताखाली अतिरिक्त, सह, उप आणि सहायक आयुक्त, त्यांच्याखाली अधीक्षक, आणि अधीक्षकाखाली निरीक्षक. सहायक आयुक्त संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो, तर निरीक्षक कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून. महाविद्यालयातून बाहेर पडणारे असंख्य तरुण ज्या परीक्षांसाठी रात्री जागवितात त्यांपैकी या दोन. वरचा अधिकारी काही वर्षांत उपायुक्त, सहआयुक्त होतो. निरीक्षक मात्र पुष्कळदा अधीक्षकाच्या पदावरूनच निवृत्त होतो. ज्याच्या सहीने व्यापाऱ्याचे भवितव्य प्रत्यक्षात ठरते, त्याच्याच बढतीची वाट सर्वांत अरुंद असावी, ही या रचनेतील जुनी आणि न सुटलेली अडचण आहे.

या उभ्या उतरंडीला काही आडवे धागे आहेत. ४ डिसेंबर १९५७ रोजी स्थापन झालेले महसूल गुप्तवार्ता संचालनालय चोरट्या आयातीचा माग काढते. उत्पादन शुल्काच्या चुकवेगिरीसाठी १९७९ मध्ये स्थापन झालेली यंत्रणा आज वस्तू व सेवा कर गुप्तवार्ता महासंचालनालय म्हणून काम करते. मालाचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळाही खात्याच्याच आहेत. आलेले द्रव्य वंगण आहे की डिझेल, कापडातील धागा सुती आहे की कृत्रिम, यावर शुल्काचा दर अवलंबून असतो, आणि पुष्कळदा लाखो रुपयांचा निर्णय एका परीक्षानळीतून बाहेर येतो.

कस्टम हाउसचे दोन बाहू

सीमाशुल्काचे काम पाहायचे तर मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील कस्टम हाउस किंवा उरणजवळील न्हावा-शेवा बंदर पाहावे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराने मुंबईच्या जुन्या गोद्यांचा बहुतेक कंटेनर व्यापार आपल्याकडे ओढून घेतला. परंपरेने कस्टम हाउसचे दोन बाहू आहेत. एक मूल्यनिर्धारकांचा, म्हणजे अप्रेझरांचा. तो कागदपत्रे पाहतो, वस्तू दरपत्रकाच्या कोणत्या शीर्षाखाली येते ते ठरवितो, बीजकातील किंमत खरी की खोटी याची पारख करतो आणि शुल्क आकारतो. दुसरा बाहू प्रतिबंधक अधिकाऱ्यांचा. जहाजावर चढणे, गोदीवर पहारा ठेवणे, प्रवाशांची झडती घेणे, किनाऱ्यावर गस्त घालणे ही त्याची कामे. एकाची हत्यारे दरपत्रक आणि लेखणी, दुसऱ्याची गस्ती नौका आणि खबऱ्या.

मालाचा प्रवास असा होतो. जहाज लागण्यापूर्वी त्यावरील मालाची यादी खात्याकडे येते. आयातदार किंवा त्याचा कस्टम दलाल ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल करतो. तिच्यातील वर्णन, किंमत आणि दर यांची तपासणी होते, शुल्क भरले जाते, आवश्यक वाटल्यास पेटी उघडून पाहणी होते, आणि मग माल सोडण्याचा हुकूम निघतो. शुल्क लगेच भरायचे नसेल तर माल खात्याच्या नियंत्रणाखालील बंधित गोदामात ठेवता येतो. हे सारे एकेकाळी टेबलावरून टेबलावर फिरणाऱ्या कागदांनी होत असे, आणि प्रत्येक टेबलावर कागद पुढे सरकण्यासाठी काही ना काही ठेवावे लागते ही तक्रार बंदराइतकीच जुनी होती.

गेल्या तीन दशकांत या चित्रात मोठा फरक पडला. १९९५ पासून संगणकावर कागदपत्रे दाखल होऊ लागली. २००५ पासून कोणती पेटी उघडायची हे जोखीम पाहून संगणक सुचवू लागला. २०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्काचे निर्धारण करावे आणि खात्याने ते पडताळावे अशी कायद्यातच तरतूद झाली. २०२० मध्ये ‘चेहराविरहित’ निर्धारण देशभर लागू झाले. माल न्हावा-शेव्याला उतरतो, पण त्याची कागदपत्रे दुसऱ्याच एखाद्या बंदरातील अधिकारी तपासतो. आयातदार आणि अधिकारी समोरासमोर येऊ नयेत हा त्यामागील हेतू. तो स्तुत्य आहे. पण माल प्रत्यक्ष न पाहणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आली की तो प्रश्न विचारतो, उत्तर येईपर्यंत पेटी बंदरात पडून राहते, आणि भाडे आयातदाराच्या डोक्यावर चढते. ओळखीने होणारा भ्रष्टाचार टाळताना अनोळखीपणाने होणारा विलंब वाढू नये, याची काळजी रचनेतच घ्यावी लागेल.

फाटकावरच्या कुलपापासून हिशेबाच्या वहीपर्यंत

उत्पादन शुल्काची कथा याहून बोधप्रद आहे. १९६८ पूर्वी बहुतेक कारखान्यांवर ‘प्रत्यक्ष नियंत्रण’ असे. निरीक्षकाने निर्धारण करून गेटपासावर सही केल्याशिवाय कारखान्याच्या फाटकाबाहेर एक पोतेही जात नसे. तंबाखूच्या बाबतीत तर निरीक्षकाला थेट शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागे. किती तंबाखू लावली, किती वाळविली, कोणत्या गोदामात गेली याची नोंद ठेवणारा सरकारी माणूस सांगली, कोल्हापूर, निपाणी या भागातील शेतकऱ्यांच्या ओळखीचा होता. कच्च्या तंबाखूवरील हे शुल्क १९७९ च्या अर्थसंकल्पात रद्द झाले आणि लाखो शेतकऱ्यांचा या खात्याशी असलेला संबंध संपला.

कारखान्यांच्या बाबतीत मोठा पालट घडविला तो १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयं-निष्कासन’ पद्धतीने. कारखानदाराने स्वतः शुल्क ठरवावे, खात्यातील आपल्या जमाखर्चातून ते वळते करावे, माल बाहेर काढावा आणि महिन्याच्या शेवटी विवरणपत्र द्यावे. निरीक्षकाचे काम फाटकावर उभे राहण्याऐवजी नोंदवह्या तपासण्याचे झाले. पण विश्वास टाकायला न शिकलेल्या यंत्रणेवर विश्वासाची पद्धत लादली की जे होते तेच झाले. चुकवेगिरी वाढल्याची ओरड झाली आणि व्यंकटप्पय्या समितीने या पद्धतीचे परीक्षण केले. पुढची दोन दशके प्रत्यक्ष नियंत्रण, नोंदींवर आधारित नियंत्रण आणि स्वयंनिर्धारण यांच्यामध्ये लंबक फिरत राहिला.

याच काळात कराच्या स्वरूपावरही विचार चालू होता. १९७५ मध्ये दरपत्रकात अडुसष्टावी नोंद घालून इतरत्र न उल्लेखिलेल्या बहुतेक सर्व कारखानी मालावर एक टक्का शुल्क बसविण्यात आले. परिणामी करावर कर चढू लागला. सुट्या भागावर शुल्क, त्या भागापासून बनलेल्या यंत्रावर शुल्क, आणि त्या यंत्राने विणलेल्या कापडावरही शुल्क. लक्ष्मीकांत झा समितीने हा दोष दाखविला, आणि १ मार्च १९८६ पासून ‘मॉडव्हॅट’ पद्धतीने कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काची वजावट मिळू लागली. आजच्या वस्तू व सेवा कराची बीजे तेथे आहेत. वजावटीच्या पद्धतीत प्रत्येक व्यापारी आपल्या पुरवठादाराकडून पक्के बीजक मागतो आणि काही अंशी तोच सरकारचा निरीक्षक बनतो. प्रशासनाचा प्रश्न पहारेकरी वाढवून सुटला नव्हता. तो कराची रचना बदलून थोडाफार सुटला.

सोन्याच्या चोरट्या आयातीबाबतही अनुभव हाच आहे. १९६३ पासून सुवर्णनियंत्रण होते, १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. पण त्या काळात तस्करी थांबली नाही, उलट तिचे साम्राज्य उभे राहिले. १९९० मध्ये कायदा रद्द झाला आणि पाठोपाठ आयात खुली होत गेली, तेव्हा त्या साम्राज्याचा आर्थिक पाया ढासळला. तस्कराचा नफा म्हणजे शेवटी बाहेरच्या व आतल्या किमतींतील फरक. २०२२ मध्ये सोन्यावरील शुल्क पंधरा टक्क्यांवर नेण्यात आले आणि जुलै २०२४ मध्ये ते सहा टक्क्यांवर आणण्यात आले, त्यामागील एक विचार हाच होता. शुल्काचा दर ठरविणारा अर्थमंत्री हा कोणत्याही गस्ती नौकेपेक्षा अधिक परिणामकारक प्रतिबंधक अधिकारी असतो.

किनाऱ्यावरची परीक्षा

तथापि सर्व काही दरांवर सोडता येत नाही, हे कोकणच्या किनाऱ्याने भीषण रीतीने दाखविले. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. त्याच स्फोटकांनी १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसांचे प्राण घेतले. खास न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरविलेल्यांमध्ये सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीसही होते. नेहमीची चांदी-सोन्याची खेप समजून डोळे मिटायचे, आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम घ्यायची, ही सवय काय उतरवू देते याचा अंदाज त्या डोळेझाकीत राहत नाही. लाच ही केवळ महसुलाची हानी आहे असे मानणाऱ्यांनी शेखाडीचे स्मरण ठेवावे.

याच खात्यात दुसऱ्या टोकाची माणसेही आहेत. गोव्यातील प्रतिबंधक अधिकारी कोस्ताव फर्नांडिस यांनी १९९१ मध्ये तस्करीचे सोने नेणारी गाडी अडविण्यासाठी एकट्याने पाठलाग केला. झटापटीत गाडीतील माणसाचा मृत्यू झाला, आणि फर्नांडिस यांच्यावरच खुनाचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो रद्द केला. कर्तव्य बजावताना सद्हेतूने केलेल्या कृतीला कायद्याचे संरक्षण आहे. पण ते प्रत्यक्ष मिळेपर्यंत एका प्रामाणिक माणसाची पाच वर्षे गेली. डोळे मिटणाऱ्याला त्याच दिवशी रक्कम मिळते, आणि डोळे उघडे ठेवणाऱ्याला पाच वर्षांनी न्याय. खात्याच्या रचनेने हा हिशेब उलटा करायला हवा.

वसुली करणाराच न्यायाधीश

आता गाभ्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. शुल्क कमी भरले असा संशय आला की खाते ‘कारणे दाखवा’ नोटीस काढते. व्यापारी उत्तर देतो, आणि निवाडा करतो तो खात्याचाच अधिकारी. शुल्क किती, दंड किती, माल जप्त करायचा की नाही, हे तोच ठरवितो. शिवाय या अधिकाऱ्यांना समन्स काढून जबाब घेण्याचा आणि अटक करण्याचाही अधिकार आहे. सीमाशुल्क अधिकारी हा पोलीस नसल्याने त्याच्यापुढील जबाब पुरावा म्हणून वापरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच ठरविले. म्हणूनच अटकेपूर्वी सबळ कारणांची नोंद हवी आणि अटकेबाबतची संरक्षणे येथेही लागू आहेत, असे त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बजावले, ते महत्त्वाचे आहे.

कायद्याने निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला कागदावर तरी स्वातंत्र्य दिले आहे. मंडळाने सर्वत्र एकसूत्रता राहावी म्हणून सूचना काढाव्यात, पण अमुक एका प्रकरणात अमुकच निर्णय द्या असे सांगू नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. ओरिएंट पेपर मिल्सच्या खटल्यात साठच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले होते. व्यवहारात मात्र अधिकाऱ्याच्या मनावर वेगळी दडपणे असतात. व्यापाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला तर वरिष्ठांकडून त्याची फेरतपासणी होते, लेखापरीक्षक आक्षेप घेतो, आणि दक्षता विभाग कान टवकारतो. व्यापाऱ्याच्या विरुद्ध निर्णय दिला तर फारसे कोणी विचारत नाही; फार तर वरच्या न्यायाधिकरणात तो रद्द होतो, तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. महालेखापरीक्षकांच्या आक्षेपावरून, खात्याला स्वतःला तो मान्य नसतानाही, ‘सावधगिरी’ म्हणून नोटीस काढायची आणि ती ‘कॉल बुक’मध्ये वर्षानुवर्षे निजवून ठेवायची, ही प्रथा याच भीतीतून वाढली. यात अधिकारी भ्रष्ट आहे असे नव्हे. रचनाच अशी आहे की अन्याय करणे सुरक्षित आणि न्याय करणे धोक्याचे.

या दोषावर पहिला मोठा उपाय झाला तो १९८२ मध्ये. तोपर्यंत अपिले खात्याच्याच मंडळाकडे आणि शेवटी सरकारकडे जात. त्या वर्षी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण स्थापन झाले आणि न्यायिक व तांत्रिक असे दोन्ही सदस्य एकत्र बसू लागले. पण पहिला निवाडा आजही खात्याच्याच घरात होतो.

अधिकार कोणाचा, हा वरकरणी तांत्रिक वाटणारा प्रश्न किती मोठा होऊ शकतो ते अलीकडे दिसले. कॅनन इंडिया या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला की माल सोडणारा अधिकारी एक आणि कमी भरलेले शुल्क मागणारा महसूल गुप्तवार्ता संचालनालयाचा अधिकारी दुसरा, हे कायद्याला धरून नाही. असंख्य नोटिसांचा पायाच हादरला. २०२२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने फेरविचारात आपला आधीचा निर्णय फिरविला. कायदेशीर वाद मिटला. त्यातून पुढे आलेला नैतिक प्रश्न मिटलेला नाही. ज्याने सुगावा लावला, छापा घातला, जबाब घेतले, त्याच यंत्रणेने मागणीही करावी आणि तिच्याच भाऊबंदांनी निवाडा द्यावा, हे नागरिकाला न्यायाचे वाटेल काय?

नवी चौकट, जुने प्रश्न

१ जुलै २०१७ पासून चौकट बदलली. बहुतेक सर्व मालावरील केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सेवाकर वस्तू व सेवा करात विलीन झाले. उत्पादन शुल्क उरले ते कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, नैसर्गिक वायू आणि तंबाखू यांवर. सीमाशुल्काचा केंद्राच्या कर महसुलातील वाटाही आज सहा-सात टक्क्यांच्या आसपास आला आहे. १९९१ मध्ये दीडशे टक्क्यांवर आणलेला शुल्काचा कमाल दर २००७ पर्यंत औद्योगिक मालाबाबत दहा टक्क्यांवर उतरला, त्याचे हे फळ. सीमाशुल्क आज तिजोरी भरण्यापेक्षा व्यापारधोरणाचे साधन अधिक झाले आहे.

खात्याचे अधिकारी मात्र त्याच इमारतींत, नव्या पाट्यांखाली, राज्यांच्या विक्रीकर अधिकाऱ्यांच्या जोडीने काम करीत आहेत. दीड कोटींखालील उलाढालीचे नव्वद टक्के करदाते राज्याकडे आणि दहा टक्के केंद्राकडे. त्यावरचे निम्मे निम्मे, अशी वाटणी झाली. दोन सरकारांचे दोन अधिकारी एकाच दुकानदाराच्या दारात उभे राहू नयेत हा हेतू. गुप्तवार्तेच्या नावाखाली दोघेही दारात येऊ शकतात, ही व्यापाऱ्यांची तक्रार निराधार नाही.

या वाटणीमागे संघराज्याचाही प्रश्न आहे. पेट्रोल-डिझेलवर केंद्र घेते त्यापैकी मूळ उत्पादन शुल्कातच राज्यांचा वाटा असतो. उपकर आणि अधिभार पूर्णपणे केंद्राकडे राहतात. पंपावर दिलेल्या पैशातला मोठा भाग उपकर-अधिभाराच्या रूपाने गेला, तर आपल्या गावच्या शाळेसाठी राज्य सरकारला त्यातले काही मिळणार नाही, हे पेट्रोल भरणाऱ्या शिक्षकाला ठाऊक नसते. अदृश्य कराचे वाटपही अदृश्य राहते.

मग करायचे काय? तीन गोष्टी तरी स्पष्ट दिसतात. पहिली, निवाडा करणारे अधिकारी वसुली व तपास करणाऱ्यांपासून पूर्णपणे वेगळे काढावेत. त्यांच्या बढत्या-बदल्या वसुलीच्या आकड्यांवर अवलंबून नसाव्यात. दुसरी, अधिकाऱ्याने किती मागणी काढली यापेक्षा त्याच्या मागण्यांपैकी किती अपिलात टिकल्या याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात असावी. तिसरी, निरीक्षक व अधीक्षक यांना वर जाण्याची खरी वाट मिळावी. ज्याला पुढे काहीच नाही त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला अर्धाच असतो. हे उपाय खर्चिक नाहीत, पण ते सत्ता विभागतात. म्हणूनच प्रत्येक अर्थमंत्र्याला ते पटतात आणि प्रत्येक अर्थसंकल्पात ते मागे पडतात.

मिठाच्या कुंपणावरचा पहारेकरी परक्या सरकारचा होता; त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा नव्हती. आज कस्टम हाउसमधील लेखणी प्रजासत्ताकाची आहे. तिने वर्षाअखेर किती कोटी जमा केले हे अर्थसंकल्पात छापून येते. तिने किती जणांना नाहक वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायला लावल्या याचाही आकडा ज्या दिवशी त्याच पानावर छापून येईल, त्या दिवशी ही सेवा खऱ्या अर्थाने स्वतंत्र देशाची झाली असे म्हणता येईल.